झोपल्या माणसाएवढी जागा

तो माणूस तिच्या दाराची रुंदी मोजत होता. शनिवार होता, अश्विनी उशिरा न्हाऊन केस पुसत आत उभी होती, आणि वाऱ्यासाठी दार अर्धं उघडं ठेवलेलं होतं. आधी चौकटीवर टेकलेली टेपची पिवळी पट्टी दिसली, मग तिच्यावर दाबून धरलेला अंगठा, आणि मग खिशाला दोन पेनं लावलेला, पन्नाशीचा, घाम पुसणारा माणूस. "मॅडम, जरा दार पूर्ण उघडता का? चौकट आतून किती भरते बघायची होती," तो अगदी सभ्यपणे म्हणाला, आणि तिनं उघडलं. नंतर दिवसभर तिला हेच टोचत राहिलं. कोण तुम्ही, कशाला मोजताय, असं काही न विचारता आपण दार उघडलं. त्यानं टेप ताणली, फोनवर कुणाला तरी सांगितलं, "एकतीस भरतंय. कॉट आडवा केला की जाईल आत." मग टेप सर्रकन गुंडाळून तिच्याकडे बघत म्हणाला, "एक तारखेपर्यंत होतंय ना रिकामं?" आणि उत्तराची वाट न बघता शेजारच्या दाराकडे वळला.

तिनं दार लावून घेतलं. कॉटवर बसली. रडू आलं नाही. फक्त हात आपोआप कॉटखाली गेले आणि तिथली चपटी करून ठेवलेली खोकी बाहेर ओढू लागले. सुप्यात येऊन दोन वर्षं झाली होती, तरी ती खोकी तिनं टाकली नव्हती. पुण्यातल्या नऊ वर्षांत तिचे हात हे काम शिकले होते. पुस्तकं तळाला, त्यावर चादरी, चादरींच्या घडीत काचेचे दोन पेले, शेवटी कुकर, कारण नव्या जागी पहिल्यांदा तोच लागतो. चंदननगरला होती तेव्हा एका खोलीत सहा जणी होत्या आणि तिच्या मालकीची जागा म्हणजे पलंगाखालचा एक सूटकेसचा चौकोन. तिथून हडपसरला, एका म्हाताऱ्या बाईंकडे, ज्या रात्री संडासाची टाकी किती वेळा सोडली ते सकाळी सांगायच्या. मग वडगाव शेरीला मैत्रिणीबरोबर. मैत्रिणीचं लग्न ठरलं आणि एकटीला अर्धं भाडं पेलेना. मग जिथं मालकाचा मुलगा परदेशातून परत आला ती जागा. आणि शेवटची, जिथल्या मालकांनी एका रविवारी फोनवर फार नम्रपणे लिहून पाठवलं होतं की मार्केट रेट बघता पुढच्या महिन्यापासून इतकं इतकं होईल, जमत नसल्यास तसं कळवावं, घाई नाही, पंधरा दिवस आहेत. नम्रपणाचीच तिला जास्त भीती बसली होती. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

ती खराडीच्या एका फर्ममध्ये इमारतींचे नकाशे करत असे. पगार वाईट नव्हता. गावी, बेलापूरला, वडील, मच्छिंद्र, चार माणसांत तो आकडा सांगायचे तेव्हा माना डोलायच्या, आणि आई, मुक्ताबाई, दर सणाला विचारायची, "मग आता एक ब्लॉक का घेऊन टाकत न्हाई?" तिला कसं सांगावं, ते अश्विनीला कधी कळलं नाही. एकदा ती बघायला गेली होती, वाघोलीच्याही पलीकडे, जिथं अजून बाभळी होत्या. नमुना म्हणून सजवलेल्या घरात फिकट रंगाच्या भिंती, पडदे, आणि बेडरूममध्ये पांढराशुभ्र पलंग. विकणारी मुलगी फोन घ्यायला बाहेर गेली तशी अश्विनी त्या पलंगावर आडवी झाली. पोटऱ्यांपासून पुढचे पाय बाहेर लोंबकळले. पलंग मुद्दाम आखूड करून घेतलेला होता, खोली मोठी दिसावी म्हणून. ती स्वतः असले नकाशे काढणारी, तिला हे ठाऊक असायला हवं होतं, ठाऊक होतंही. पण ठाऊक असणं वेगळं आणि आपलेच पाय हवेत बघणं वेगळं. त्या आखूड पलंगासाठी तिला अठ्ठावन्न वर्षांची होईपर्यंत हप्ते भरावे लागणार होते.

सुप्याला ती आली ती ठरवून नाहीच. बेलापूरहून पुण्याला परतताना एसटीचं चाक इथं पंक्चर झालं, मालकांचा तो नम्र निरोप फोनमध्ये होता, आणि ऊन मी म्हणत होतं. रस्त्याकडेच्या खानावळीत तिनं शेंगोळे मागवले. वाढणारी बाई साठीच्या आसपासची, उंच, काटक, उजव्या मनगटाला जुन्या घावाची गाठ असलेली. हात धुवायला मागच्या अंगाला गेल्यावर अश्विनीला त्या खोल्या दिसल्या. अकरा खोल्या, एका ओळीत नाहीत, तर जराशा वाकत गेलेल्या, कोयत्याच्या पात्यासारख्या. तिनं आधी नकाशेवालीच्या नजरेनं नाक मुरडलं. सरळ रेषेत बांधल्या असत्या तर एक खोली जास्त बसली असती. मग दोन पावलं पुढं गेली आणि वारा लागला. डोंगरावरच्या पवनचक्क्या फिरवणारा तो सुप्याचा दांडगा वारा त्या वळणावरून घसरत प्रत्येक खिडकीला थोडा थोडा वाटून जात होता. जोतं हातभर उंच, पाणी उताराला काढून दिलेलं, एकाही दारासमोर दुसऱ्याचं दार नाही. "हे कुणी आखून दिलं, मावशी?" तिनं विचारलं. "कोन देतंय?" बाई म्हणाली. "पाचटाची कोपी वाऱ्याकडं तोंड करून घातली तर रातीत उडून जाती. बावीस वर्सं घातल्या कोप्या. तेवढं बी कळू नये व्हय?"

ती लंकाबाई. पाथर्डीकडची. लग्न झाल्या वर्षापासून नवऱ्याबरोबर, आसारामबरोबर, ऊसतोडीला जायची. दर दिवाळीनंतर नवा कारखाना, नवं रान, आणि राहायला पाचटाची नवी झोपडी, कोपी, जी निघताना मोडून टाकायची. मग सुप्याला कारखाने उभे राहू लागले तेव्हा बांधकामावरच्या मजुरांना भाकरी करून घालायला ती आली आणि परत गेलीच नाही. भाकरीतून दोन गुंठे, दोन गुंठ्यांवर एक खोली, आणि मग दरवर्षी एक. यातलं अश्विनीला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. त्या दिवशी लंकाबाईनं खोली दाखवली आणि एकच विचारलं. लग्न झालंय का, जात कोणती, रात्री कितीला येतीस, यातलं काही नाही. विचारलं, "कोनत्या कुशीवर झोपती?" अश्विनी गोंधळली. "डाव्या," म्हणाली. "मग ही न्हाई, पल्याडची घे. हितं डाव्या कुशीला झोपली तर सकाळचं ऊन डोळ्यात येतंय."

आठवड्यातून तीन दिवस पहाटेच्या एसटीनं खराडी, दोन दिवस इथंच बसून काम. ऑफिसात लोक म्हणत, कसं जमतं तुला, वेड लागेल. तिला मात्र शिरूरची नदी ओलांडली की मानेतली एक शीर सैल होते असं वाटायचं. खोली आपली नाही हे तिला पक्कं माहीत होतं. तरी भिंतीला खिळा ठोकायचा तर परवानगी मागावी लागत नव्हती. लंकाबाईनं पहिल्याच आठवड्यात हातोडी आणून दिली होती.

आणि आता चौकट एकतीस इंच भरली होती. कॉट आडवा करून आत जाणार होता. म्हणजे इथंही. तिला स्वतःचाच राग आला, दोन वर्षं शीर सैल सोडल्याचा. लंकाबाईला जाऊन विचारावं असं एकदा मनात आलं. पण विचारलं की ती नम्रपणे सांगेल, आणि लंकाबाईच्या तोंडून नम्रपणा ऐकणं आपल्याला सहन व्हायचं नाही, असं वाटून ती दुपारी जेवायला गेली नाही, संध्याकाळी गेली नाही, बिस्किटं खाऊन राहिली आणि खोकी भरत राहिली.

रविवारी सकाळी दाराची कडी वाजली. लंकाबाई ताट घेऊन उभी होती. "दोन टाइम जेवली न्हाईस. ताप हाय का?" म्हणत आत आली, आणि थांबली. खोक्यांकडे तिनं बराच वेळ बघितलं. ताट खाली ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन बसली. "कुठं निघाली?"

"तुम्हीच सांगा कुठं जाऊ," अश्विनी म्हणाली. आवाज तिला नको तितका चिरका आला. "दार मोजून गेले काल. एक तारीख सांगितलीय मला."

"कोनी, काकासायबांनी? त्यांनी सांगितली. म्या सांगितली का?"

"तुम्ही नाही म्हणालात का त्यांना?"

लंकाबाईनं ताट तिच्याकडे सरकवलं. हीच गोष्ट अश्विनीला पुढं आठवत राहिली, की त्या क्षणी बाई खोटं बोलू शकली असती. "न्हाई म्हनले न्हाई," ती सावकाश म्हणाली. "इचार करते म्हनले. अकराच्या अकरा खोल्या पायजेत त्यांला, कंपनीच्या मानसांसाठी. भाडं दुप्पट. आन् वरसाचं एकदम, आधी. ह्यांच्या खुब्याचं आपरेशन सांगितलंय डाक्टरनं. तुला दिसतंय ना ते कसे चालत्यात." अश्विनीला दिसत होतं. आसाराम खाटेवरून मोरीपर्यंत जायचे तर भिंत धरून, मध्ये दोनदा थांबून. आपण खोकी भरताना एकदाही त्यांचा विचार केला नाही, हे तिच्या लक्षात आलं आणि कानांच्या पाळ्या गरम झाल्या. "दुपारी कागद घेऊन येनार हायेत," लंकाबाई उठत म्हणाली. "विंग्रजीत हाय. तू वाचून दाव. चांगलं बी वाच, वाईट बी वाच. तुझ्या सोयीनं वाचू नगं."

चार वाजता खानावळीच्या बाकावर काकासाहेब बसले होते. ते एका ठेकेदाराचं काम बघत. कारखान्यांना माणसं पुरवायची आणि त्या माणसांना राहायची सोय करायची. वाईट माणूस वाटत नव्हता. त्यांनी आसारामच्या तब्येतीची चौकशी केली, ओळखीच्या डॉक्टरचं नाव सुचवलं. आसाराम खाटेवर उशीला टेकून होते. अश्विनीनं कागद हातात घेतला. वाचत मराठीत सांगायला लागली तेव्हा तिला जाणवलं की आपल्या जिभेच्या टोकावर किती सत्ता आहे. एखादं वाक्य जरा रेटून वाचलं, एखाद्यावर जरा थांबलं, की झालं. या बाईला दुसरं कोण सांगणार आहे? भाड्याचं कलम आलं. तिनं वाचलं. वर्षभराचं भाडं सही झाल्या दिवशी एकरकमी, हे आलं. तिचा आवाज खाली गेला. लंकाबाई म्हणाली, "ते पुन्हा वाच," आणि तिनं मोठ्यानं पुन्हा वाचलं, प्रत्येक शब्द सुटा, जणू स्वतःच्याच अंगावरचा एकेक दागिना काढून ठेवतेय. रंगरंगोटी ठेकेदाराच्या खर्चानं. नळदुरुस्ती त्यांच्याकडे. चांगलं ते सगळं वाचलं. तिसऱ्या पानावर एक ओळ होती. तीही तिनं तशाच आवाजात वाचली, रेटली नाही. प्रत्येक खोलीत दुमजली कॉट चार. राहणारी माणसं आठ.

"किती?" लंकाबाई म्हणाली.

"आठ, मावशी," काकासाहेब मध्येच बोलले. "पण एका वेळी नसतात हो आठ. निम्मे कामावर, निम्मे झोपलेले. शिफ्ट असते. आणि लांबची पोरं आहेत, त्यांना काय, पाठ टेकायला मिळाली की पुरे."

लंकाबाई उठली. "काकासायेब, जरा चला माझ्या संगं." अश्विनीच्याच खोलीत ती त्यांना घेऊन गेली. खोकी एका कडेला सारली, पदरानं फरशी झाडली आणि म्हणाली, "झोपा."

"आं?"

"हितं झोपा जरा. तुमी माझ्या भावासारखे. लाजू नका." काकासाहेब हसले, अश्विनीकडे बघून हसले, मग लंकाबाईचा चेहरा बघून हसायचे थांबले. चपला काढल्या, खिशातली पेनं काढून हातात धरली आणि खरंच आडवे झाले, छताकडे बघत. लंकाबाई त्यांच्या डोक्यापाशी उभी राहिली, मग पायापाशी गेली. "कूस बदला," म्हणाली. त्यांनी बदलली. गुडघे दुमडले तसे ते भिंतीला लागले. "आता हात डोक्याखाली घ्या, घरी घेता तसा." आणि दाराशी उभ्या असलेल्या अश्विनीला तेव्हा कळलं की या खोल्या कशा आखल्या गेल्या असतील. तिनं हे कधी विचारलंच नव्हतं. ती नऊ वर्षं चौरस फुटांत जगली होती.

"ही खोली म्या ह्यांला जमिनीवर झोपवून आखली," लंकाबाई सांगू लागली, कुणा एकाकडे न बघता. "आसाराम, नीट झोप, म्हनले, ऊस तोडून आल्यावर झोपतो तसा. आन् भोवतीनं चुन्याची फक्की टाकली. मानूस उभा असतो तवा त्याला जागा लागती कुठं? बोटभर लागती. झोपला की खरा केवढा हाय ते कळतंय. कोपीत आमी पाच जनं झोपायचो. एकानं कूस बदलली की पाचांनी बदलायची. माझी धाकटी अंगाखाली आली हुती एकदा. वाचली. पन त्या दिसापास्नं मला झोप न्हाई लागली धड, खोली बांधूस्तवर." ती थांबली. "त्या पोरांच्या आया हायेत ना कुठंतरी. दोन दोन मानसं ठेवा एका खोलीत, चार खोल्या देते रस्त्याकडच्या, रिकाम्या झाल्या की. भाडं बाकीचे देत्यात तेवढंच. आन् वरसाचं आधी नगं. बावीस वर्सं उचल घेतली म्या मुकादमाची. आधी पैसं घेतलं की आपलं तोंड बंद हुतं."

काकासाहेब उठून बसले. शर्टाची धूळ झटकली. त्यांना राग आला नव्हता. ते जरा वेळ तसेच फरशीवर बसून राहिले, जणू त्यांनाही उठवत नव्हतं. "दोन माणसांत आमचं गणित बसत नाही, मावशी," ते शेवटी म्हणाले. "वरती सांगून बघतो." वरचे ऐकणार नाहीत हे तिघांनाही ठाऊक होतं. जाताना त्यांनी अश्विनीला "येतो, मॅडम" म्हटलं आणि टेप विसरले म्हणून परत येऊन घेऊन गेले.

अश्विनीला आनंद व्हायला हवा होता. पण लंकाबाई खाटेपाशी गेली, आसारामच्या पायाशी बसली, आणि तिच्या पाठीचा उंच ताठ कणा एकदम वाकलेला दिसला. "म्या तुझं आपरेशन घालवलं," ती नवऱ्याला म्हणाली. आसारामनी नुसता हात हलवला. "मला कुठं जायचंय, लंका? चाललो की लई." अश्विनी तिथून निघून खोलीत आली आणि खोक्यांच्या मध्ये उभी राहिली. ऑफिसात तिनं शेकडो खोल्या काढल्या होत्या, पडद्यावर, बोटाच्या एका टिचकीनं भिंत सहा इंच आत सरकवत. त्या सहा इंचांत कुणाचा गुडघा असेल हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. आणि या बाईनं अक्षरओळख नसताना, एकेका झोपलेल्या देहाभोवती भिंत उभी केली होती आणि त्या देहाचा मान राहावा म्हणून आज हातातलं सोडलं होतं. तिला त्या बाईचा इतका अभिमान वाटला की भीती वाटली. कारण ही भिंत शेवटी एका साठीच्या बाईच्या मनगटावर उभी होती. ती बाई नसेल त्या दिवशी काय? अभिमान हा काही कायमचा पत्ता नव्हे. तरी ती खाली बसली आणि खोक्यातून आधी कुकर काढला.

बुधवारी कामाला सुट्टी होती. सकाळी भाकरींची पहिली खेप उरकल्यावर लंकाबाई तिच्या दाराशी आली. धुवट लुगडं, केस चोपून बसवलेले, पाहुणी आल्यासारखी. आत ये म्हटलं तरी आली नाही, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"डाक्टरला भेटले काल," ती म्हणाली. "सरकारी योजनेत बसतंय म्हनत्यात निम्मंशिम्मं. बाकीचं म्या जमवीन. पन मला भाडं वाढवावं लागंल, पोरी. तीनशे. पुढच्या म्हयन्यापास्नं." तिनं श्वास घेतला. "तुला परवडंल का?"

वाढवलेली भाडी अश्विनीनं कितीतरी भरली होती. ती फोनवर यायची, करारपत्रात छापून यायची, मध्यस्थाच्या तोंडून यायची. कोणी दारात उभं राहून तिच्या डोळ्यात बघत हे विचारलं नव्हतं. "परवडेल," ती म्हणाली. "मावशी, पाचशे घ्या. खरंच घ्या."

"तीनशे म्हनले ना." लंकाबाई जरा रागावलीच. "लागतंय तेवढंच सांगितलंय. जास्तीचं घिऊन काय करू?" आणि ती पुढच्या दाराकडे निघाली.

अश्विनी उंबऱ्यात उभी राहून बघू लागली. वाकत गेलेल्या त्या ओळीमुळे इथून सगळी दारं दिसत. दुसऱ्या दाराशी नर्सचं काम करणारी आरती होती, तिनं मान हलवली. तिसऱ्या दाराशी बराच वेळ लागला, तिथला रंगनाथ, कारखान्यात नवा लागलेला सुपरवायझर, काहीतरी अजीजीनं सांगत होता, आणि लंकाबाईचे शब्द वाऱ्यावर आले, "मग तू दिवाळीपास्नं वाढव. आत्ताच कोन म्हनतंय?" चौथं दार. पाचवं. प्रत्येक दाराशी ती तेच सांगत होती आणि शेवटी तेच विचारत होती. शब्द ऐकू येत नव्हते, पण विचारताना तिची मान जराशी कलायची त्यावरून कळत होतं. सातव्यानंतर ती जोत्याच्या कडेला टेकली, गुडघा चोळला, पुन्हा उठली. स्वतःच्या हातांनी बांधलेल्या खोल्या, स्वतःची जमीन; हाक मारली असती तरी अकराच्या अकरा जण पळत तिच्या चुलीपाशी गेले असते. अश्विनीच्या मनात धावत जाऊन तिला धरावं असं आलं, पण ती हलली नाही. हे चालणं त्या बाईचं होतं.

शेवटच्या खोलीत ओम नावाचा मुलगा नुकताच राहायला आला होता, महिनाही झाला नव्हता. त्याच्या बंद दाराशी लंकाबाई थांबली. धाप आवरली. पदर दोन्ही खांद्यांवरून नीट ओढून घेतला, आणि मग हलक्या हातानं कडी वाजवली.